ओट्यावरचा समुद्र

लीलाधर भिरूडांनी आयुष्यात जे गमावलं ते बोलण्याच्या नादात गमावलं आणि जे मिळवलं तेही बोलण्याच्याच नादात मिळवलं, असं त्यांच्या पत्नी पुष्पाबाई म्हणत. यातलं मिळवलेलं नेमकं कोणतं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

भिरूड पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. खात्यानं मधल्या काळात हुद्द्याचं नाव बदलून ‘शाखा अभियंता’ केलं होतं, पण कालव्यावरच्या शेतकऱ्यांपर्यंत तो शासन निर्णय पोचला नव्हता. घर जळगावला, नोकरी धुळ्याला. सहा वर्षं झाली, भिरूड शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं जळगावला येत आणि सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं धुळ्याला परत जात. एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं तेव्हाही ते मांडव पडायच्या आदल्या दिवशी आले आणि पाहुण्यांमध्ये कुठे झोपायचं ते त्यांना व्याह्यांनी दाखवलं. बदलीसाठी त्यांनी अर्ज केले. एकात आईचं वय लिहिलं, एकात स्वतःचं पित्त, एकात धुळ्याच्या खानावळीतल्या आमटीचं सविस्तर वर्णन. प्रत्येक अर्जाला ‘नोंद घेण्यात आली आहे’ असं उत्तर आलं. सरकारनं त्यांच्या पित्ताची नोंद घेतली आहे, एवढंच समाधान.

मंडळाचे मोठे साहेब केळुसकर हे वेंगुर्ल्याकडचे. धुळ्याला त्यांना सगळं होतं, पण समुद्र नव्हता. म्हणून त्यांनी बंगल्याच्या दिवाणखान्यात तीन फुटी काचेची टाकी मांडून तिच्यात मुंबईहून कॅनमधून आणलेलं समुद्राचं पाणी भरलं होतं. तळाला पांढरी वाळू, मध्ये खडक आणि त्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. साहेब फायलींवर सह्या करताना मधूनच उठून टाकीपाशी जाऊन उभे राहत, आणि त्या वेळी कोणी बिलाचा विषय काढत नसे.

ब्याण्णव सालच्या एप्रिलात साहेबांना सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला नाशिकला जायचं होतं. बाईसाहेब माहेरी. माशांचं खाणं-पिणं कोणीही बघेल, पण पाणी फिरतं ठेवायचं कोणी, या चिंतेत साहेब बैठकीत बसले होते. सगळे अधिकारी आपापल्या बुटांकडे बघत होते. भिरूड तेवढे बोलले.

“साहेब, वीस वर्षं कालव्यावर काढली. पाणी खारं असो नाही तर गोडं, प्रवाह तो प्रवाह. एवढ्याशा टाकीचं काय घेऊन बसलात!”

साहेबांनी त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. “भिरूड, हे सांभाळा. परत आलो की तुमचं जळगावचं नक्की करून टाकतो,” ते म्हणाले. त्या दुपारी भिरूडांना खानावळीची आमटीसुद्धा बरी लागली.

निघताना साहेबांनी टाकीपुढे उभं करून सूचना दिल्या. पाणी सतत फिरतं राहिलं पाहिजे. वाळू मात्र जागची हलता कामा नये. आणि वाळूवर कुठेही घाण साचता कामा नये. भिरूडांच्या मनात आलं, सरकारची कालव्यांकडूनही नेमकी हीच अपेक्षा असते, आणि तिन्ही गोष्टी एकदम साधलेला कालवा आपण नोकरीत पाहिलेला नाही. पण बदली डोळ्यांपुढे असताना मनातलं बोलायचं नसतं. ते “हो साहेब” म्हणाले.

साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली आणि भिरूडांनी टाकीचा ताबा घेतला. टाकीतला छोटा पंप रात्रंदिवस चालत होता, हे त्यांना पहिल्या नजरेतच खटकलं. चोवीस तास पाणी सोडायचं म्हणजे शुद्ध नासाडी. कालव्याला पाणीपाळी असते. पाणी सोडायचं, बंद करायचं, जमिनीला वाफसा येऊ द्यायचा, मग पुन्हा सोडायचं. यावर खात्यात त्यांचं भाषणही गाजलेलं होतं. त्यांनी टाकीसाठी पाणीपाळी ठरवून दिली आणि बंगल्यावरचा शिपाई धनसिंग याला समजावून सांगितली. सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक पाळी, मधल्या वेळात पंप बंद.

दुसऱ्याच दुपारी धनसिंग सायकल हाणत ऑफिसात आला. “साहेब, दोन्ही मासा वर यी ग्यात. तोंड उघडी-उघडी दखी ऱ्हायनात. भूक लागनी व्हई. भाकर टाकू का?”

भिरूड धावले. मासे खरंच पाण्याच्या वर तोंडं काढून आ करत होते. त्यांनी पंप लावला तसे मासे हळूहळू खाली गेले. तेव्हा भिरूडांच्या लक्षात आलं, की केळीला दोन पाळ्यांच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ लागतो, आणि माशाचं बरोब्बर उलटं आहे. पाणीपाळी त्याच दिवशी रद्द झाली. भाषणही त्यांनी पुन्हा कधी केलं नाही.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आठवड्याच्या आत बांधकाम खात्याचे वायरमन शिडी घेऊन बंगल्यावर आले. बंगल्याचं सगळं वायरिंग बदलायचं तीन वर्षांपूर्वी मागितलेलं काम आत्ता मंजूर झालं होतं. वीज महिनाभर बंद. भिरूडांनी विनवण्या केल्या. वायरमन म्हणाले, आत्ता काम केलं नाही तर मंजुरी रद्द होईल आणि पुन्हा तीन वर्षं थांबावं लागेल. भिरूड सरकारी माणूस असल्यामुळे त्यांना हे लगेच पटलं, आणि तीच त्यांची अडचण झाली. नाशिकला ट्रंक कॉल लावला. साहेब वर्गात होते. तासाभरानं निरोप आला, की साहेब म्हणतात, प्रवाह चालू ठेवा.

धुळ्यात भिरूडांची खोली म्हणजे एक खाट, एक बल्ब आणि घरमालकाची सक्त ताकीद. तिथे समुद्र ठेवता येणार नव्हता. राहता राहिलं जळगावचं घर. टाकी तिकडे न्यायची, रजा टाकायची आणि साहेब परत येईपर्यंत घरीच राहून मासे जगवायचे, असा विचार त्यांनी केला. या विचारात मासे किती आणि घर किती, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, ‘घरगुती अडचण’. पुष्पाबाईंच्या मते ती अडचण रजा मंजूर झाल्यावरच घरात आली.

सुरतेला केळी उतरवून सावद्याकडे रिकामा परत चाललेला एक ट्रक मिळाला. ड्रायव्हर अभिमन ओळखीचा निघाला. मागे केळीच्या सुक्या पानांचा ढीग होता, त्यात काचेची टाकी मांडली. पाणी कॅनमध्ये, रोज आटेल तेवढं वर घालायला साहेबांनी ठेवलेले राखीव कॅनही बरोबर, वाळू गोणीत, खडक घमेल्यात. मासे प्लॅस्टिकच्या बादलीत घालून वर ओलं फडकं बांधलं आणि ती बादली मांडीवर घेऊन भिरूड केबिनमध्ये बसले. सहा वर्षांत धुळे-जळगाव रस्त्यावरचा एकेक खड्डा त्यांना पाठ होता. तो येण्याआधीच ते बादली उचलून धरत, त्यामुळे अभिमनला पुढचा खड्डा आपोआप कळू लागला.

पारोळ्याला चहासाठी थांबले. आत समुद्राचं पाणी आहे, हे अभिमननं हॉटेलात सांगून टाकलं. पाच मिनिटांत ट्रकभोवती माणसं जमली. जन्मात समुद्र न पाहिलेली एक म्हातारी पुढे झाली. “आम्ही कथा समुद्र दखसूत, भाऊ? जरासं पानी दे.” तिनं ओंजळ पुढे केली. आता पाणी मोजकं आहे, हे तिला कसं सांगायचं? भिरूडांनी कॅनचं झाकण उघडून थोडं ओतलं. म्हातारीनं ते डोळ्यांना लावलं, उरलेलं सुनेच्या डोक्यावर शिंपडलं. मग रांग लागली. एकानं कळशी आणली, तेव्हा भिरूडांनी अभिमनला गाडी काढायला लावली. चहाचे पैसे द्यायचे राहिले ते राहिलेच.

जळगावच्या जकात नाक्यावर सुकदेव नावाचे कारकून होते. त्यांनी बादलीवरचं फडकं उचललं.

“मासळी आहे. जकात लागेल.”

“खायची नाही. पाळलेली आहे.”

“पाळीव जनावर असेल तर वेगळा दर. पायांवर असतो.” त्यांनी माशांकडे पुन्हा पाहिलं. “पाय नाहीत. बरं, कॅनमध्ये काय?”

“पाणी. समुद्राचं.”

सुकदेवांनी बोट बुडवून चाटलं. “मीठ आहे. पण दिसत नाही. आणि गोणीत? वाळू? ती बांधकाम साहित्यात जाते.”

“अहो, शोभेची आहे!”

“मग चैनीच्या वस्तूंत घालतो. त्याला दर जास्त आहे.”

भिरूडांचा आवाज चढला. आपण शासकीय अधिकारी आहोत, असं त्यांनी सांगितलं. सुकदेवांनी लगेच सामान शासकीय असल्याचं पत्र मागितलं. पत्र कुठून आणणार? वाद बराच चालला. मागे कापसाच्या गाड्यांची रांग लागली आणि गाडीवान उतरून आपापली मतं देऊ लागले. शेवटी सुकदेव स्वतःच दमले. त्यांनी पावतीवर ‘वापरलेलं घरगुती सामान’ असं लिहिलं.

“वापरलेलं आहे ना पण?” त्यांनी विचारलं.

“हो, वापरलेलंच आहे,” भिरूड म्हणाले. समुद्राच्या बाबतीत हे खोटं नव्हतं.

घरी पुष्पाबाई दारात आल्या. “आज बुधवार. आज कसे?” असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते भिरूडांना दिसायच्या आत पुष्पाबाईंना मागचा ट्रक दिसला, आणि मग ते गेलं.

टाकी ठेवायची कुठे? पाणी भरल्यावर तिचं वजन दोन-तीन माणसांएवढं होणार. टेबल मोडलं असतं, शोकेस कोसळलं असतं. घरात एवढं वजन पेलणारी एकच जागा होती, ती म्हणजे स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा ओटा. संध्याकाळपर्यंत ओट्याचा दोन तृतीयांश भाग समुद्रानं व्यापला आणि उरलेल्या कोपऱ्यात गॅसची शेगडी कशीबशी उभी राहिली.

“आणि मी स्वयंपाक कसा करू?”

“फक्त महिना-सव्वा महिना. आणि पुष्पा, फोडणी नको देऊस. धूर पाण्यात उतरतो.”

 खानदेशातल्या घरात फोडणी बंद, ठेचा बंद, वांगी भाजणं बंद. दुसऱ्या दिवसापासून ताटात अळणी वरण आणि भात येऊ लागला. घरचं जेवण मिळावं म्हणून सहा वर्षं अर्ज करणाऱ्या माणसाला ते मुकाट्यानं गिळावं लागलं. तक्रार करायची सोय नव्हती, कारण हुकूम त्यांचाच होता.

“सहा वर्षं मी एकटीनं घर चालवलं,” पुष्पाबाई म्हणाल्या. “एक दिवस ओटा अडला नाही.”

चार दिवसांनी साहेबांचा पंप बंद पडला. उघडून पाहिला तर आत मिठाचा थर. जळगावच्या बाजारात शोभेच्या माशांचं एकच दुकान होतं आणि खारं पाणी म्हटल्याबरोबर त्या दुकानदारानं हात जोडले. तेव्हा शेजारचे चुडामण कोल्हे धावून आले. चुडामणभाऊ ठिबक सिंचनाचं सामान विकत आणि सल्ला फुकट देत. “कूलरचा पंप काढा की,” ते म्हणाले. “तोही पाण्यात बुडूनच चालतो.”

एप्रिल संपत आलेला, जळगावचा पारा चव्वेचाळीसच्या वर, आणि कूलरचा पंप काढायचा! पण मासे पुन्हा वर येऊन आ करू लागले होते. भिरूडांनी पंप काढला आणि टाकीत सोडला.

कूलरच्या पंपाचा जन्म पाणी चार फूट वर चढवण्यासाठी झालेला. त्यानं पहिल्याच झटक्याला टाकीतली निम्मी वाळू उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. पाणी ताकासारखं पांढरं झालं. ते निवळल्यावर दिसलं, की एका बाजूला वाळूचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उघडी काच, आणि दोन्ही मासे खडकाच्या मागे काचेला चिकटून बसलेत. साहेबांच्या तीन सूचनांपैकी पहिलीचं पालन झालं होतं, आणि तेही जरुरीपेक्षा जास्त.

यावर खात्याकडे उपाय होता. नदी एका काठावर आदळू लागली तर पाण्यात आडवे धक्के बांधतात. भिरूडांनी कौलाचे तुकडे करून वाळूत आडवे रोवले. पाणी कौलांवर आपटलं, वळलं आणि प्रत्येक कौलामागे खड्डा खणत पुढे गेलं. पुस्तकात असंच लिहिलेलं होतं. पुस्तक बरोबर निघालं याचं भिरूडांना क्षणभर समाधान वाटलं. मग त्यांनी कौलामागे गोटे टाकले, गोट्यांमागे साबणाची वडी ठेवायची डबी उलटी मांडली, डबीवर वरवंटा. पुष्पाबाईंनी दुपारी वाटायला वरवंटा शोधला आणि तो समुद्राच्या तळाशी सापडला.

इकडे बाहेरच्या खोलीत आईची निराळी कथा. सुगंधाबाई सत्तरीच्या पुढच्या. कूलरला पंप नाही म्हणून वारा गरम, आणि तो गरम वाराही त्यांच्याकडे नाही, कारण पाणी तापू नये म्हणून भिरूडांनी कूलरचं तोंड स्वयंपाकघराकडे फिरवलं होतं. भिरूडांना बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून पिशवीत घालून टाकीत सोडताना पाहिलं, तेव्हा सुगंधाबाई बोलल्या.

“माशायले वारा, माशायले बर्फ. मायले काय?”

“आई, साहेबांचे मासे आहेत. मेले तर माझी बदली गेली.”

“अन् मी मेली तं?”

 भिरूडांनी लादीचा एक तुकडा फोडून आईच्या पाण्याच्या तांब्यात टाकला.

चुडामणभाऊ रोज येऊन कौलांची रचना बघत आणि मान हलवत. एक दिवस ते म्हणालेच. “भिरूडभाऊ, राग मानू नका. तुम्ही कालव्याची माणसं. एका जागी लोट सोडायचा आणि मग आयुष्यभर बंधारे घालत बसायचं. आता जमाना ठिबकचा आहे. पाणी थोडं थोडं, सगळीकडे सारखं.”

भिरूडांना हे फार लागलं. कालवा आणि ठिबक हा त्यांच्या खात्याचा जिव्हाळ्याचा वाद, आणि तो आता त्यांच्याच ओट्यावर निकालात निघत होता. दोन दिवस ते चुडामणशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वाळू खडकावर चढून एक मासा अर्धा पुरला गेला. त्यांनी त्याला बोटानं उकरून काढलं. गल्ली दुपारची झोपलेली असताना ते शेजारी गेले आणि हळूच म्हणाले, “वावभर नळी द्या.”

काळी नळी टाकीच्या मागच्या कडेला आडवी बांधली, तिला तोट्या लावल्या, पंप जोडला. पाणी लोट न होता तुषार होऊन पडू लागलं. चुडामणभाऊंनी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. संध्याकाळी तोट्यांत वाळू आणि मीठ बसलं आणि ठिबक बंद.

“काही नाही, हे नेहमीचं आहे,” म्हणत चुडामणभाऊ घरी जाऊन एक बाटली घेऊन आले. “शेतात तोट्या तुंबल्या की आम्ही आम्ल सोडतो. सगळं साफ.” त्यांनी बूच काढलं आणि टाकीकडे वळले. भिरूडांनी त्यांचा हात धरला. दोघांची झटापट झाली आणि आम्लाचे चार थेंब ओट्यावर पडून कडाप्पा फसफसला. ते पाहून चुडामणभाऊंनी स्वतःच बूच परत लावलं. “आत मासे आहेत, हे लक्षातच राहिलं नाही,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. खानदेशात नळी दिसली की माणसाला पुढे पीक दिसतं, त्यांचाही दोष नव्हता.

भिरूड डोक्याला हात लावून बसले. पुष्पाबाई इतका वेळ चटणी-मिठाच्या डब्यांसमोर उभ्या होत्या. त्यांनी गोधड्या शिवायचं दाभण काढलं, गॅसवर लाल केलं आणि पुढे केलं. “तोट्या फेका. नळीलाच भोकं पाडा, मोठी.” मग त्या दाभण तापवत राहिल्या आणि भिरूड भोकं पाडत राहिले. जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर झाला, आणि फोडणीला बंदी असलेल्या घरात तो दोघांनीही निमूट सोसला. पंप लावला. नळीभर लांबीतून पाणी सारखं पडू लागलं. वरचं पाणी थरथरलं, वाळू जागची हलली नाही. मासे खडकामागून बाहेर आले.

“हं,” पुष्पाबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण तिथून लगेच गेल्या नाहीत.

आता सगळं ठीक झालं असं वाटत असतानाच एका सकाळी भिरूडांच्या ओठांवर खारट चव आली. पुष्पाबाईंनाही. अंथरुणावरच्या चादरीवर पांढरी भुकटी. कूलरचे वाळ्याचे पडदे पांढरे, पत्रा गंजून लाल. चौकशी केली तेव्हा सुगंधाबाईंनी शांतपणे सांगितलं, की पंप नाही तर नाही, मी आपली रात्री कूलर माझ्याकडे फिरवते आणि तांब्यानं पाणी मारते वाळ्यावर, कोपऱ्यातल्या कॅनमधलं. चार दिवस झाले. समुद्राचं राखीव पाणी संपलं होतं.

 टाकीतलं पाणी रोज उन्हानं आटत होतं आणि वर घालायला समुद्र उरला नव्हता. साहेबांना काय सांगणार, आईनं कूलरमधून समुद्र उडवला म्हणून? बराच वेळ भिरूडांनी कुशीवर पडून विचार केला. मग शाळेतलं आठवलं, की उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणजे टाकीत मीठ आहे तेवढंच आहे, घालायचं ते साधंच पाणी. आतापर्यंत आपण रोज समुद्रात आणखी समुद्र ओतत होतो, हे ध्यानात येऊन त्यांना घाम फुटला. आईमुळे मासे वाचले, हे त्यांनी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या आणखी काही तरी करायला उठल्या असत्या.

मे महिन्याच्या अखेरीला केळुसकर साहेब, भिरूडांच्या पत्रातला पत्ता घेऊन, नाशिकहून गाडीनं थेट जळगावला उतरले. चपला बाहेर काढून स्वयंपाकघरात आले. टाकीपुढे उभे राहिले. पाणी फिरत होतं, वाळू गप्प होती, तळ स्वच्छ होता. दोन्ही मासे काचेजवळ आले.  साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“ही नळी कोणाची कल्पना?”

दाराशी चुडामणभाऊ घसा साफ करू लागले. “घरच्यांची,” भिरूड म्हणाले, आणि हे खोटं नव्हतं.

साहेबांनी पुष्पाबाईंच्या हातचा चहा घेतला. म्हणाले, “एकदा हलवले, जगले. पुन्हा हलवले तर जगणार नाहीत. आणि माझ्या बंगल्यात अजून वायर लोंबतायत. तेव्हा मासे इथेच राहतील. मी महिन्या-दोन महिन्यांनी येऊन बघत जाईन. आणि यांच्याजवळ माणूस पाहिजे, म्हणजे तुम्हीही इथेच.” आठवड्यात आदेश निघाला. कारण, प्रशासकीय.

भिरूडांना आनंद झाला, आणि आनंदाच्या खाली काही तरी टोचलंही. आईच्या वयानं बदली झाली नव्हती. सहा वर्षांच्या एस.टी.च्या प्रवासानं झाली नव्हती. ती अंगठ्याएवढ्या दोन माशांनी झाली. वीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब असा लागावा, हे त्यांनी पुष्पाबाईंपाशी बोलून दाखवलं.

“कशानं का होईना, झाली ना,” त्या म्हणाल्या, आणि नवा पंप आणून कूलर आईकडे फिरवायला सांगितलं. साहेब जाताना आणखी एक वाक्य बोलले होते. “मासे आहेत तोवर तुम्हाला काळजी नाही, भिरूड.” मासे नसले तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

जळगावच्या ऑफिसातला तिसरा दिवस. भर दुपारी डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबला. ऑफिस आनंदानं लिंबाखाली चहाला गेलं. भिरूड मात्र वर पंख्याकडे बघत राहिले. इथे पंखा थांबला म्हणजे तिकडे पंप थांबला. सायकल काढून ते सुसाट निघाले. रस्त्यात डांबर वितळून चाकांना चिकटत होतं. अर्ध्या वाटेवर चौकात विचारलं, तर लाइट अकरापासून नाही, ऑफिसात तेवढी आत्ता गेली. आपल्याला उशिरा कळलं, मासे केव्हाच आ करून गेले असतील, साहेब पुढच्या महिन्यात येतील, आणि मग सोमवारची पहाटेची एस.टी. 

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात सुगंधाबाई स्टुलावर बसून हातपंख्यानं वारा घालत होत्या, स्वतःला नाही, टाकीला. पुष्पाबाईंनी पदर खोचला होता, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या होत्या, आणि डाव्या हातानं उजवा हात खांद्यापाशी धरून त्या तो पाण्यातून सावकाश गोल फिरवत होत्या. इतक्या सावकाश, की वाळूचा एक कण उठत नव्हता. दोन्ही मासे त्यांच्या हाताच्या मागे मागे पोहत होते.

“केव्हापासून?” भिरूडांनी धापा टाकत विचारलं.

“गेली तेव्हापासून. मधे थोडा वेळ चुडामणभाऊंनी फिरवलं, ते आत्ता जेवायला गेले.”

पुष्पाबाईंच्या बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतली होती. कपाळावरचा घाम पुसायला त्यांना हात रिकामा नव्हता. भिरूडांना एकदम फार वाईट वाटलं. “अगं, एवढं कशाला?” ते म्हणाले. “मासेच तर आहेत.”

“मासे कसले!” पुष्पाबाई मागे न बघता म्हणाल्या. “हे मेले की तुम्ही पुन्हा धुळ्याला. सहा वर्षं दर सोमवारी पहाटे उठून तुमची पिशवी भरली मी. एकदाही काही बोलले नाही. आता नाही भरायची मला.”

 भिरूडांनी घड्याळ काढून डब्यावर ठेवलं, शर्टाची बाही वर सारली आणि टाकीच्या दुसऱ्या बाजूनं हात पाण्यात घातला.

“उलटा नको फिरवू, लीलाधर,” सुगंधाबाई पंखा न थांबवता म्हणाल्या. “पुष्पा फिरवते तसा फिरव.”

भिरूडांनी हाताची दिशा बदलली.